आउटलुकच्या कस्टम फॉर्ममधली टेक्स्ट फील्डं: लिहायचं एक, दाखवायचं दुसरं

एका कार्यालयात आवक पत्रांची नोंद वहीऐवजी मेलच्या फॉर्मवर घ्यायचं ठरलं. टपाल आलं की आवक लिपिकाने फॉर्म उघडायचा, रकाने भरायचे आणि तो संबंधित टेबलाकडे पाठवायचा. फॉर्म मी बनवला. दोन महिन्यांनी त्याच नोंदींची यादी काढायला बसलो तेव्हा एकच पिनकोड चार तऱ्हांनी लिहिलेला सापडला: सलग सहा अंक, तीन-तीन अंकांमध्ये जागा सोडून, देवनागरी अंकांत, आणि एका ठिकाणी तर हजाराचा स्वल्पविराम देऊन. आवक क्रमांक लावले तर १०० नंतर २ येत होता. दोष लिपिकाचा नव्हता. मी फक्त चौकटी आखल्या होत्या, त्या चौकटीत काय आणि कसं यावं हे ठरवलंच नव्हतं.

या लेखात तोच फॉर्म पुन्हा, नीट बांधायचा आहे. मुद्दा एकच आहे आणि तो शेवटपर्यंत लक्षात ठेवावा लागेल: माणूस जे टाइप करतो ते एक फील्ड (माहिती साठवायचा रकाना), आणि वाचणाऱ्याला जे दिसतं ते दुसरं फील्ड. दोन्ही कामं एकाच चौकटीवर लादली की गोंधळ सुरू होतो.

आधी एक अट तपासून घ्या. कस्टम फॉर्म, म्हणजे आउटलुकमध्ये आपल्याला हवे ते रकाने घालून बांधलेले फॉर्म, फक्त विंडोजवरच्या क्लासिक, म्हणजे जुन्या आउटलुकमध्ये चालतात. नव्या आउटलुकमध्ये, ब्राउझरमधल्या आउटलुकमध्ये आणि मॅकवर ते चालत नाहीत. क्लासिक आउटलुकला किमान २०२९ पर्यंत आधार देऊ असं मायक्रोसॉफ्टने सांगितलं आहे. म्हणून चालू कामासाठी फॉर्म बनवायला हरकत नाही, पण पुढची वीस वर्षं त्यावर विसंबून राहू नये. दुसरी अट अशी की पाठवणारा आणि घेणारा दोघेही एकाच संस्थेच्या एक्स्चेंज सर्व्हरवर (संस्थेची मेल सांभाळणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर) असावेत. हाच फॉर्म बाहेरच्या जीमेल खात्यावर पाठवला, तर तिथे तुमचे रकाने दिसणार नाहीत, फक्त मजकुराचा भाग दिसेल. बाहेरच्या लोकांकडून माहिती गोळा करायची असेल, तर हे साधन त्यासाठी नाही.

मांडणीची तयारी

रिबनवर डेव्हलपर टॅब नसेल तर फाइल, मग ऑप्शन्स, मग कस्टमाइझ रिबन असं जा आणि उजवीकडच्या यादीत डेव्हलपरसमोर टिक करा. ज्या फोल्डरमध्ये या नोंदी जमणार आहेत तो फोल्डर आता डावीकडे निवडून ठेवा. आमच्या बाबतीत तो इनबॉक्स होता. हे क्षुल्लक वाटतं, पण नवीन फील्ड तयार केलं की त्याची नोंद त्या फोल्डरमध्येही होते, आणि पुढे यादीत रकाना म्हणून ते फील्ड हवं असेल तर ही नोंद उपयोगी पडते.

डेव्हलपर टॅबवर डिझाइन अ फॉर्म दाबा, स्टँडर्ड फॉर्म्स लायब्ररीतून मेसेज निवडा आणि उघडा. वर पानांची नावं दिसतील. पी दोन ते पी सहा ही नावं कंसात असतात, कारण ती पानं अजून लपलेली आहेत. पी दोनवर जा, पेज या बटणाखालून त्याचं नाव बदलून 'आवक नोंद' करा. त्या पानावर पहिला कंट्रोल (चौकट, लेबल यांसारखा घटक) ठेवला की कंस आपोआप जातो.

फील्डचा प्रकार हीच पहिली फॉरमॅटिंग

फील्ड चूझर या, फील्डांची यादी दाखवणाऱ्या खिडकीत खाली न्यू हे बटण आहे. ते दाबलं की तीन गोष्टी विचारल्या जातात: नाव, प्रकार, फॉरमॅट. इथे घाई करू नका. एकदा फील्ड तयार झालं की त्याचा प्रकार बदलता येत नाही. चुकलं तर ते काढून टाकून दुसऱ्या नावाने नवीन करावं लागतं, आणि जुन्या नोंदी जुन्याच फील्डमध्ये अडकून राहतात.

नावाच्या बाबतीत माझा आग्रह असा की फील्डचं नाव रोमन लिपीत, छोटं आणि एकाच शब्दाचं ठेवा. फॉर्मवर दिसणारं लेबल मात्र खुशाल मराठीत लिहा, ते लेबल वेगळं असतं. चौकटी कंस, अंडरस्कोअर आणि हॅश ही चिन्हं नावात चालत नाहीत. या लेखात वाचायला सोपं जावं म्हणून मी फील्डांची नावं मराठीत लिहीत आहे.

प्रकार निवडताना एक साधी कसोटी लावा: या आकड्याची कधी बेरीज करणार आहात का? नसाल तर तो आकडा नाही, मजकूर आहे. पिनकोडची बेरीज कोणी करत नाही. मोबाइल क्रमांक, खाते क्रमांक, आवक क्रमांक यांचीही करत नाही. हे सगळे टेक्स्ट प्रकारचे घ्या. नंबर प्रकारात सुरुवातीची शून्यं गळून जातात आणि फॉरमॅटप्रमाणे हजाराचे स्वल्पविराम शिरतात. लांब खाते क्रमांकाच्या बाबतीत तर धोका आणखी मोठा आहे. नंबर फील्डमध्ये साधारण पंधरा अंकांपर्यंतच अचूकता टिकते, आणि काही बँकांचे खाते क्रमांक त्याहून लांब असतात. शेवटचा अंक बदलला तरी पडद्यावर कसलीही चूक दिसत नाही, हे त्यातलं सर्वांत वाईट.

दिनांकासाठी डेट-टाइम प्रकार घ्या, तिथे टेक्स्ट वापरू नका, नाहीतर तारखांचा क्रम कधीच लागणार नाही. रक्कम खरोखर बेरजेची गोष्ट आहे. तिच्यासाठी करन्सी प्रकार समोर दिसतो, पण त्यात एक फट आहे: चलनाचं चिन्ह फील्डमध्ये साठत नाही, ते बघणाऱ्याच्या विंडोजच्या रीजन सेटिंगमधून येतं. ज्या संगणकाची सेटिंग अमेरिकेची राहून गेली आहे, तिथे तुमचे पाच हजार रुपये पाच हजार डॉलर म्हणून दिसतील. म्हणून मी नंबर प्रकार, दोन दशांश स्थळांचा फॉरमॅट आणि बाजूला 'रक्कम, रुपये' असं लेबल, एवढंच ठेवतो.

आता या फॉर्ममधली फील्डं मोजून घ्या: आवक क्रमांक, आवक दिनांक, पाठवणाऱ्याचं नाव, पत्ता, पिनकोड, मोबाइल, विषय, रक्कम. यांतली दिनांक आणि रक्कम सोडून बाकी सगळी टेक्स्ट. शेऱ्यासाठी मुद्दाम वेगळं फील्ड घेतलेलं नाही, त्याचं कारण पुढे येईल.

चौकट फील्डला बांधली आहे ना?

फॉर्मवर चौकट आणायचे दोन मार्ग आहेत. फील्ड चूझरमधून फील्ड ओढून आणलं, तर चौकट त्या फील्डला बांधलेलीच येते आणि सोबत लेबलही येतं. कंट्रोल टूलबॉक्समधून नुसता टेक्स्ट बॉक्स ओढला, तर तो कशालाच बांधलेला नसतो. त्यात लिहिता येतं, फॉर्म पाठवताही येतो, पण समोरच्याने उघडल्यावर चौकट रिकामी! लिहिलेलं कुठेही साठलेलं नसतं. नव्याने फॉर्म बनवणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचा एक दिवस या एका गोष्टीत जातो. म्हणून शक्यतो फील्ड चूझरमधूनच ओढा. टूलबॉक्समधून घेतलंच असेल, तर चौकटीवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, व्हॅल्यू टॅब, चूझ फील्ड असं करून ती बांधून घ्या.

दिसण्याची फॉरमॅटिंग

राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडलं की डिस्प्ले टॅबवर फॉन्ट आणि रंग, तसंच रीड ओन्ली, मल्टी-लाइन यांच्या टिका सापडतात. लेआउट टॅबवर जागा आणि आकार. यापेक्षा बारीक गोष्टींसाठी राइट क्लिक करून ॲडव्हान्स्ड प्रॉपर्टीज उघडा. तिथे एक लांब यादी येते आणि कितीतरी चांगल्या सोयी तिच्यात लपलेल्या आहेत.

टेक्स्ट बॉक्सची मर्यादा सुरुवातीलाच मान्य करा. एका चौकटीला एकच फॉन्ट, एकच आकार, एकच रंग. त्यातला एखादाच शब्द ठळक करणं, अधोरेखित करणं, यादी टाकणं शक्य नाही. असं नटवलेलं लेखन फक्त मेसेज या एकाच फील्डमध्ये, म्हणजे मेलच्या मुख्य मजकुरात होतं. म्हणून शेऱ्यासाठी वेगळं फील्ड घेतलं नाही. साहेबांना टिपणीत दोन ओळी ठळक करायच्या असतात, पत्रातला उतारा चिकटवायचा असतो, त्यासाठी मुख्य मजकुराची जागाच योग्य. हे मेसेज फील्ड एकाच पानावर ठेवा.

देवनागरीसाठी फॉन्ट निवडताना तो सगळ्या संगणकांवर असेल याची खात्री हवी. निर्मला यूआय विंडोज ८ पासून सोबतच येतो, मंगल त्याच्याही आधीपासून आहे. मी निर्मला यूआय वापरतो, अकरा पॉइंटात. मूळ चौकट इंग्रजी अक्षरांच्या मापाने बेतलेली असते, त्यामुळे वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार कापले जातात. लेआउट टॅबवर उंची वाढवा आणि 'कॅलेंडर'सारख्या साध्या शब्दाऐवजी 'कृष्णमूर्तींच्या' असा वर-खाली पसरणारा शब्द लिहून बघा. तो पूर्ण दिसला की उंची बरोबर.

फॉन्टबाबत आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. बऱ्याच कार्यालयांत अजून जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फॉन्टांतला मजकूर पडून आहे. तो कॉपी करून इथे चिकटवला की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसतो. चौकटीला तो जुना फॉन्ट लावून ते 'बरोबर दिसवता' येतं, पण तसं करू नका. साठवलेला मजकूर रोमन चिन्हांचाच राहतो, शोधात सापडत नाही, आणि यादीत, छापताना, दुसऱ्याच्या पडद्यावर पुन्हा काला होतो. आधी युनिकोडमध्ये बदला, मग चिकटवा. मराठी टाइप करण्यासाठी इनस्क्रिप्ट येत नसेल, तर विंडोज १० च्या २०१९ च्या अपडेटपासून मराठी फोनेटिक कीबोर्डही सोबतच मिळतो.

पत्त्याच्या चौकटीला मल्टी-लाइनची टिक द्या. एवढ्यावर काम होत नाही: लिपिक पहिली ओळ लिहून एंटर दाबतो आणि कर्सर सरळ पुढच्या रकान्यात जातो. कंट्रोल धरून एंटर दाबलं तर नवी ओळ येते, पण हे कोणाच्या लक्षात राहणार? ॲडव्हान्स्ड प्रॉपर्टीजमध्ये एंटर-की-बिहेव्हियर ट्रू करा. शेजारीच स्क्रोल-बार्स आहे, तिथे उभी पट्टी निवडा, म्हणजे लांब पत्ता लपून राहणार नाही. टॅब-की-बिहेव्हियर मात्र फॉल्सच राहू द्या, नाहीतर टॅब दाबून पुढच्या रकान्यात जाता येणार नाही.

सगळ्या चौकटी ठेवून झाल्यावर अरेंज गटातल्या अलाइन आणि साइझने त्या एका रेषेत, एका रुंदीच्या करा, आणि टॅब ऑर्डरमध्ये क्रम लावा. दिवसाला साठ पत्रं नोंदवणाऱ्या माणसाचा हात माउसकडे जाता कामा नये. कागदावरच्या आवक वहीचे रकाने ज्या क्रमाने असतात तोच क्रम ठेवला, तर कोणाला काही शिकवावं लागत नाही.

अक्षरांची मर्यादा आणि मराठी जोडाक्षरं

ॲडव्हान्स्ड प्रॉपर्टीजमधल्या मॅक्स-लेंग्थने चौकटीत जास्तीत जास्त किती अक्षरं मावतील हे ठरवता येतं. पिनकोडला ६ आणि मोबाइलला १०, इथे ते चोख चालतं. मराठी नावांना मात्र ही मर्यादा जपून लावा. आपण ज्याला एक अक्षर म्हणतो, ते संगणक एक धरत नाही. प्रत्येक व्यंजन, हलंत आणि मात्रा यांची वेगळी गणती होते. 'स्त्री' हे आपल्या लेखी एक अक्षर, संगणकाच्या लेखी सहा: स, हलंत, त, हलंत, र, दीर्घ वेलांटी. 'ज्योत्स्ना' दोन अक्षरी नाव, पण मोजणीत दहा. इंग्रजीच्या हिशोबाने तीस अक्षरांची मर्यादा घातली, तर ज्योत्स्नाबाईंचं पूर्ण नाव आडनावाआधीच तुटेल, आणि तुटेल तेही मात्रेच्या मधोमध. नावाला मी मर्यादा लावत नाही. लावायचीच झाली तर तिप्पट-चौपट धरा.

ऱ्य आणि ऱ्ह ही आपली खास अक्षरंही लक्षात घ्यायला हवीत. 'कोऱ्या' हा शब्द दोन प्रकारे टाइप होतो. एकात नुक्ता असलेला ऱ वापरला जातो, दुसऱ्यात साधा र, हलंत आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे, पण आत वेगळे. एका लिपिकाने पहिल्या पद्धतीने लिहिलेलं आडनाव दुसऱ्याने दुसऱ्या पद्धतीने शोधलं तर सापडेलच असं नाही. यावर फॉर्ममधून उपाय नाही. कार्यालयात सगळ्यांनी एकच कीबोर्ड वापरायचा, हाच उपाय.

सूत्रं: दाखवण्याचं फील्ड

आता मुख्य काम. पुढच्या सूत्रांत फंक्शनांची नावं मी देवनागरीत लिहिली आहेत. प्रत्यक्षात सूत्राच्या खिडकीत फंक्शन आणि फील्ड अशी दोन बटणं असतात, त्यांतून निवडलं की नावं रोमनमध्ये आपोआप उमटतात. मजकुराची फंक्शनं टेक्स्ट गटात आहेत. सूत्रातले आकडे रोमन अंकांतच लिहायचे.

सुरुवात आवक क्रमांकापासून. लिपिक फक्त ३७ लिहिणार. वाचणाऱ्याला 'आवक/२०२५/००३७' असं दिसायला हवं, आणि यादीत क्रमही बरोबर लागायला हवा. मजकूर म्हणून लावताना १०० हा २ च्या आधी येतो, कारण तुलना डावीकडून एकेका अंकाची होते. समोर शून्यं भरली की हा प्रश्नच उरत नाही. 'पूर्ण क्रमांक' नावाचं टेक्स्ट फील्ड तयार करा, पानावर ओढा, प्रॉपर्टीजमध्ये व्हॅल्यू टॅबवर जा. 'सेट द इनिशियल व्हॅल्यू' असं जिथे लिहिलं आहे तिथल्या एडिटवर क्लिक करा आणि हे सूत्र लिहा:

"आवक/" & फॉरमॅट([आवक दिनांक], "yyyy") & "/" & राइट("0000" & [आवक क्रमांक], 4)

फॉरमॅट हे फंक्शन तारखेतून फक्त वर्ष घेतं, तर राइट उजवीकडून चार अंक उचलतं. ३७ आधी ००००३७ होतो, मग ००३७. वर्षाला दहा हजारांवर पत्रं येत असतील तर शून्यं पाच आणि आकडाही 5 घ्या, नाहीतर डावीकडचा अंक गुपचूप कापला जाईल.

सूत्राखाली दोन पर्याय असतात: आपोआप गणित करा, की फक्त नवा फॉर्म लिहिताना करा. पूर्ण क्रमांकासाठी आपोआप निवडा. मग डिस्प्ले टॅबवर या चौकटीला रीड ओन्लीची टिक द्या, म्हणजे कोणी हाताने बदलणार नाही.

आउटलुकमध्ये फॉर्म्युला आणि कॉम्बिनेशन हे फील्डचे वेगळे प्रकारही आहेत, मग साधं टेक्स्ट फील्ड का? कारण त्या दोन प्रकारांत उत्तर साठत नाही, दरवेळी मोजून दाखवलं जातं, आणि त्यावर यादीचा क्रम किंवा गट लावता येत नाही. टेक्स्ट फील्डला सूत्र लावलं की उत्तर नोंदीसोबत साठतं आणि रकान्यावर क्लिक करून क्रमही लावता येतो. नुसतं डोळ्यांनी वाचायचं असेल, जसं नाव, पत्ता आणि पिन एका ओळीत, तिथे कॉम्बिनेशन बरं. त्यात फील्डं एकापुढे एक जोडता येतात किंवा यादीतलं पहिलं भरलेलं फील्ड तेवढं दाखवता येतं.

आवक दिनांकाच्या चौकटीला सुरुवातीची किंमत म्हणून आजची तारीख द्या. डेट-टाइम गटातलं डेट फंक्शन निवडलं की झालं. पण इथे पर्याय दुसरा: फक्त नवा फॉर्म लिहिताना. चुकून 'आपोआप' राहिलं, तर मार्चमधलं पत्र जूनमध्ये उघडलं की त्यावर जूनची तारीख दिसेल. आणि दिनांक रिकामा ठेवूच देऊ नका. आउटलुक रिकामी तारीख आतमध्ये १ जानेवारी ४५०१ म्हणून साठवतं. तो दिनांक वापरणाऱ्या सूत्रात किंवा दुसरीकडे पाठवलेल्या यादीत हे वर्ष अचानक उगवतं आणि माणूस चक्रावतो.

मोबाइलसाठी लिहायचं फील्ड सलग दहा अंकांचं, दाखवायचं पाच-पाचच्या दोन गटांत. 'मोबाइल दर्शनी' या टेक्स्ट फील्डचं सूत्र असं:

आयआयएफ(लेन([मोबाइल]) = 10, लेफ्ट([मोबाइल], 5) & " " & राइट([मोबाइल], 5), [मोबाइल])

लेन अंक मोजतं, लेफ्ट डावीकडून अंक उचलतं आणि आयआयएफ अट तपासतं: दहा अंक असतील तरच तोडायचं, नसतील तर जसं आहे तसं दाखवायचं. ही आयआयएफची सवय लावून घ्या. अर्धवट माहितीवर सूत्र चालवलं की लेफ्ट आणि राइट एकमेकांवर चढतात आणि आठ अंकांचा क्रमांक दहा अंकी दिसायला लागतो.

पाठवणाऱ्याच्या नावामागे-पुढे लागलेल्या मोकळ्या जागा ट्रिम फंक्शनने काढता येतात. पॅन किंवा आयएफएससी कोड घेत असाल तर यूकेस त्यांना मोठ्या अक्षरांत आणतं. देवनागरीत लहान-मोठं अक्षर हा भेदच नाही, तिथे यूकेस काही करत नाही आणि बिघडवतही नाही.

चुकीचं आत येऊ न देणं

व्हॅलिडेशन टॅबवर पहिली टिक 'किंमत आवश्यक आहे' अशा अर्थाची आहे. ती आवक क्रमांक, दिनांक, नाव आणि विषय या चारांनाच द्या. सगळीकडे दिली तर लोक रकान्यात टिंब टाकून पुढे जातात, आणि टिंबांनी भरलेली नोंद रिकाम्या नोंदीपेक्षा वाईट.

दुसरी टिक फॉर्म बंद होण्याआधी तपासणी करते. पिनकोडसाठी तिचं सूत्र:

[पिनकोड] = "" किंवा (लेन([पिनकोड]) = 6 आणि लेफ्ट([पिनकोड], 1) <> "0")

यातले 'किंवा' आणि 'आणि' म्हणजे रोमनमधले ऑर आणि अँड. भारतातला कोणताही पिनकोड शून्याने सुरू होत नाही. पहिला अंक टपाल विभागाचा असतो: महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड यांचा ४, तर ९ सैन्याच्या टपालाचा. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली आणि ती आखण्याचं श्रेय श्रीराम भिकाजी वेलणकर यांना दिलं जातं, जे संस्कृतचे कवीही होते. एकाच नावाची दोन गावं, न कळणारं हस्ताक्षर आणि इतक्या साऱ्या लिप्या यांतून पत्र नेमक्या पत्त्यावर जावं म्हणून सहा अंक ठरवले गेले. ते फॉर्ममध्ये सहाच राहतील एवढी काळजी आपण घ्यायला हवी.

या सूत्राला एक गोष्ट पकडता येत नाही. देवनागरीत लिहिलेले सहा अंकही लांबीने सहाच भरतात. तुलनेत मात्र देवनागरी चार आणि रोमन चार ही दोन वेगळी चिन्हं आहेत. म्हणून तपासणी अडल्यावर दिसणारा संदेश नीट लिहा. 'अवैध माहिती' असं लिहून काही साधत नाही. मी लिहितो: 'पिनकोड सहा अंकी, मध्ये जागा न सोडता, इंग्रजी अंकांत लिहा.' हाच मजकूर चौकटीशेजारी लेबलमध्ये बारीक अक्षरांत दिला, तर संदेश दिसायची वेळच फारशी येत नाही.

याच टॅबवर तळाशी छापताना आणि सेव्ह ॲज करताना हे फील्ड घ्यायचं का, अशी टिक आहे. छापल्यावर तुमची देखणी मांडणी कागदावर येत नाही, फील्डांची नावं आणि किमती एकाखाली एक येतात. म्हणून 'मोबाइल' आणि 'मोबाइल दर्शनी' यांतल्या एकालाच ही टिक ठेवा.

कोड लिहावा का?

फॉर्मच्या मागे व्हीबीस्क्रिप्ट (मायक्रोसॉफ्टची छोटे प्रोग्रॅम लिहायची भाषा) लिहून टाइप करताकरता मजकूर बदलता येतो, आणि जुन्या मार्गदर्शकांत बहुतेक उत्तरं त्याच वाटेने जातात. मी त्या वाटेने जाऊ नका असं सांगेन. सप्टेंबर २०१७ च्या सुरक्षा अपडेटनंतर कस्टम फॉर्ममधली स्क्रिप्ट मुळातच बंद असते. ती चालू करायला प्रत्येक संगणकाच्या रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत सेटिंगांत, बदल करावा लागतो. शिवाय व्हीबीस्क्रिप्ट विंडोजमधून टप्प्याटप्प्याने काढून टाकणार असल्याचं मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये जाहीर केलं. वर दिलेल्या सूत्रांना आणि तपासण्यांना स्क्रिप्टची गरज लागत नाही. या फॉर्मसाठी तेवढी पुरतात.

वाचणाऱ्याचं पान

मेसेज फॉर्मला दोन चेहरे असतात, लिहिताना दिसणारा आणि मिळाल्यावर दिसणारा. डेव्हलपर टॅबवर सेपरेट रीड लेआउट चालू केलं की एडिट कंपोज पेज आणि एडिट रीड पेज असं एकातून दुसऱ्यात जाता येतं. लिहिणं आणि दाखवणं वेगळं ठेवायचं म्हटल्यावर ही सोय अगदी मनासारखी आहे. लिहायच्या पानावर आवक क्रमांक, पिनकोड, मोबाइल ही कच्ची फील्डं ठेवा. वाचायच्या पानावर पूर्ण क्रमांक आणि मोबाइल दर्शनी ठेवा, आणि सगळ्या चौकटी रीड ओन्ली करा. लिहायच्या पानावरून सगळं निवडून, कॉपी करून वाचायच्या पानावर चिकटवता येतं, मग नको ते काढा. एक सावधगिरी: वेगळा लेआउट चालू केल्यानंतर एका पानावर केलेला बदल दुसऱ्यावर आपोआप जात नाही.

सूत्र असलेली चौकट लिहायच्या पानावरही असू द्या, तळाशी. तिथे उत्तर तयार होताना लिपिकाला दिसतं आणि चूक त्याच क्षणी कळते.

प्रकाशित करण्याआधी आणि नंतर

डिझाइनमध्ये असतानाच रन धिस फॉर्म दाबून बघा. मुद्दाम चुका करा: पाच अंकी पिन, रिकामा विषय, पत्त्यात चार ओळी, नावात जोडाक्षरं. मग फॉर्म स्वतःलाच पाठवा आणि आलेला मेल उघडून वाचायचं पान तपासा.

मूळ प्रत म्हणून फॉर्म ओएफटी टेम्प्लेट स्वरूपात सेव्ह करून ठेवा. प्रॉपर्टीज या पानावर आवृत्तीचा क्रमांक लिहायची जागा आहे, प्रत्येक बदलाला तो वाढवा. त्याच पानावर मेलसोबत फॉर्मची व्याख्या पाठवण्याची टिक आहे, तिला हात लावू नका. मेल जड होतो आणि फॉर्म प्रकाशित आवृत्तीपासून तुटतो.

पब्लिश, पब्लिश फॉर्म ॲज असं करून जागा निवडा. चाचणीपुरती पर्सनल फॉर्म्स लायब्ररी ठीक आहे, पण ती तुमच्याच खात्यापुरती असते. सगळ्यांना दिसायला ऑर्गनायझेशनल फॉर्म्स लायब्ररी लागते आणि तिथे प्रकाशित करायची परवानगी एक्स्चेंज सांभाळणाऱ्यांकडून घ्यावी लागते. पुढे बदल केलात तर त्याच नावाने पुन्हा प्रकाशित करा, म्हणजे जुन्या नोंदीही नव्या चेहऱ्याने उघडतील.

बदल करूनही एखाद्या टेबलावर जुनाच फॉर्म दिसत राहिला, तर त्या संगणकाने जुनी प्रत साठवून ठेवलेली असते. फाइल, ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड, तिथे खाली डेव्हलपर्स विभागात कस्टम फॉर्म्स, मग मॅनेज फॉर्म्स, आणि क्लिअर कॅश. आउटलुक बंद करून पुन्हा उघडा आणि त्या टेबलावरून एक आवक नोंद करून पाहा.